‘म्हणून’चा उकार

अप्पाकाकांनी चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं. खिळे जुळवून छापायच्या काळात ते छापखान्यात शिरले आणि मजकूर संगणकावर जुळू लागल्यानंतर बाहेर पडले. लाल पेन अजून खिशाला असतं. त्यांची पुतणी मुक्ता बँकेत नोकरी करते. तिला एका दिवाळी अंकाला कथा द्यायची आहे, पहिलीच. जुलै संपत आलेला, कथा अर्धी आणि पात्र हाताला लागत नाही, अशा अवस्थेत ती काकांकडे आली. पात्रं सापडतात कुठे, यावर दोघांचं दोन रविवार वाजलं. ते बोलणं असं झालं.

पहिला रविवार

अप्पाकाका : किती नोंदी म्हणालीस?

मुक्ता : दोनशे चौदा. जानेवारीपासून जाता-येता जे दिसेल ते मोबाइलमध्ये टिपून ठेवते. ही ऐका. ‘बसमधली बाई. तिकिटाची बारीक घडी करून अंगठीत खोचते. उतरताना फेकत नाही, पर्समध्ये ठेवते.’ ही आणखी एक. ‘वॉचमन. ऊन असो नसो, मोबाइल बघायचा झाला की छत्री उघडतो.’

अप्पाकाका : झकास. पुढे?

मुक्ता : पुढे काय? यांच्यातूनच पात्रं करायची.

अप्पाकाका : अगं, या लकबी झाल्या. माणसं कुठायत यात? तू दोनशे चौदा सदरे शिवून ठेवलेस, घालणारा एकही नाही.

मुक्ता : सदरा हाती असला की अंगाचं माप कळतं, काका.

अप्पाकाका : माप कळतं. सदऱ्याच्या आतला माणूस रात्री कुशीवर का वळतो ते नाही कळत.

मुक्ता : मग व्यंकटेश माडगूळकरांचं काय? ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं पुस्तक. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली. ही माणसं काय त्यांनी खोलीत दार लावून रचली? त्या दुष्काळी मुलखात जे पाहिलं तेच लिहिलं ना?

अप्पाकाका : पाहिलं, पण टिपायला म्हणून नव्हतं पाहिलं. तिथेच जन्मले, तिथल्याच फुफाट्यात वाढले. पुस्तक आलं तेव्हा बाविशीचे होते, म्हणजे आयुष्य जवळजवळ सगळं त्याच माणसांत गेलेलं. तू त्या बसमधल्या बाईला किती थांबे पाहिलंस?

मुक्ता : चार.

अप्पाकाका : चार! त्यातले दोन सिग्नलचे असतील.

मुक्ता : तुम्ही चेष्टा करा. पण पाहिल्याशिवाय पात्र होत नाही, हे मी सिद्ध करून देते. शेरलॉक होम्स घ्या. कॉनन डॉयल एडिनबरोला डॉक्टरी शिकत होते. तिथे डॉक्टर जोसेफ बेल शिकवायला. रोगी नुसता दारातून आत आला की हा माणूस त्याचा धंदा, त्याचं गाव सांगायचा. एकदा एक जण आला, त्यानं टोपी काढली नाही. बेल म्हणाले, तुम्ही सैन्यात होता, नुकतेच सुटलात, बार्बाडोसला होता. टोपी काढली नाही, कारण सैन्यात काढत नाहीत आणि बाहेरच्या रीती अजून अंगवळणी पडलेल्या नाहीत. बार्बाडोस कशावरून, तर त्याला हत्तीपाय झालेला आणि तो रोग तिकडचा. डॉयल त्या वेळी बेलच्या बाह्यरुग्ण विभागात हाताखाली काम करत होते. पुढे १८९२ मध्ये होम्सच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक आलं, ते बेलनाच अर्पण केलेलं. इतका स्वच्छ पुरावा तुमच्या बाजूनं दाखवा.

अप्पाकाका : पुरावा स्वच्छ आहे, पण तो कशाचा ते बघ. बेलसाहेब रोग ओळखायचे, औषध द्यायचे आणि घरी जाऊन जेवायचे. होम्सकडे काम नसलं की तो कासावीस होतो. व्हायोलिन घेतो, कोकेनची सुई टोचून घेतो, भिंतीवर गोळ्या झाडतो. हे बेलमध्ये कुठे होतं? डॉयलना बेलकडून पद्धत मिळाली. पद्धतीच्या खाली जी बेचैनी घातली, ती कुणाची? बेलनीच पुढे डॉयलना कळवलं होतं की होम्स खरं म्हणजे तुम्ही स्वतःच आहात.

मुक्ता : मूळ माणसानं हात वर केले म्हणायचे!

अप्पाकाका : आणि दुसरं, होम्सची गोष्ट सांगतो कोण? वॉटसन. तोही डॉक्टर, लिहिणारा, होम्सकडे आ वासून बघणारा. बेलच्या हाताखालचा तो विद्यार्थीच इथे खुर्ची घेऊन बसलाय. एका माणसाकडून पद्धत घेतली आणि स्वतःचे दोन तुकडे करून दोन पात्रांत घातले.

मुक्ता : तरी बेल नसते तर होम्स नसता.

अप्पाकाका : नसता. काडी ओढल्याशिवाय चूल पेटत नाही. पण भाकरी काही काडीवर भाजत नाहीत.

मुक्ता : बरं, मग काडीशिवाय पेटलेली एक चूल दाखवा.

अप्पाकाका : हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः आली. वय सव्वीस. आणि बोलतेय कोण? यमू. लहानपणी लग्न झालेली, पुढे विधवा झालेली मुलगी, स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगतेय. त्या काळच्या पुण्यात सव्वीस वर्षांचा पुरुष माजघरात वही घेऊन बसला होता का? तिथे त्याला प्रवेश होता फक्त जेवायच्या वेळी.

मुक्ता : पण जेवताना कान बंद नव्हते ना! काका, वाड्यात एक भिंत पातळ असली की पुरे. स्वयंपाकघरातलं रडणं, विहिरीवरचं बोलणं, लहान मुलीला ‘अगं हळू हस’ म्हणून दटावणं. हरिभाऊंनी ते ऐकलं होतं म्हणूनच यमूची भाषा तशी उतरली. ऐकणं हेही पाहणंच.

अप्पाकाका : हं.

मुक्ता : ‘हं’ म्हणजे हा मुद्दा माझा.

अप्पाकाका : अर्धा तुझा. त्या वाड्यात आणखी पन्नास पुरुष होते. त्यांच्या कानांवरही तेच पडत होतं. त्यांना यमू का नाही दिसली? ऐकलेलं ऐकून सोडून न देता ‘मी तिथे असतो तर’ असं एक पाऊल आत टाकावं लागतं. ते पाऊल नोंदवहीत नसतं.

मुक्ता : मग तुमच्या मते काय, लेखकानं बाहेर जाऊच नये?

अप्पाकाका : जावं. पण आल्यावर विसरावं. पंधरा दिवसांनी जे आपोआप आठवेल तेवढंच वापरावं. टिपून ठेवलं की मन म्हणतं, झालं, काम संपलं. बडोद्याला पाली शिकवणारे एक प्राध्यापक होते, चिं. वि. जोशी. बौद्ध ग्रंथांत बुडालेला माणूस. त्यांनी लिहिला चिमणराव. साधा कारकून, करायला जातो एक आणि होतं भलतंच. आता हा चिमणराव कुठल्या नोंदीत सापडणार? आणि पुढे तो इतका खरा झाला की लोक ओळखीच्या माणसाला ‘चिमणराव’ म्हणू लागले.

मुक्ता : कारकून काय बडोद्यात नव्हते? आणि तुम्ही पु. लं.ना विसरताय. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण कोणत्या लग्नात नसतो? बस्त्यापासून पंगतीपर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर आणि लग्न लागलं की त्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही. हे पाहूनच लिहिलंय.

अप्पाकाका : पु. लं.चं उदाहरण तूच काढलंस ते बरं झालं. त्यांनी दोन निरनिराळी फडताळं केली होती. ‘गणगोत’मध्ये खरी माणसं, खऱ्या नात्यांसकट. ‘ऋग्वेदी’ म्हणजे त्यांचे आईकडचे आजोबा, ‘रावसाहेब’ म्हणजे बेळगावचा त्यांचा जिवलग स्नेही. आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’त नारायण, हरितात्या, अंतू बर्वा, सखाराम गटणे. अकादमीचा पुरस्कार मिळाला १९६५ मध्ये, तो या दुसऱ्या फडताळाला. आता मला सांग, रावसाहेब वाचल्यावर तुला काय वाटतं?

मुक्ता : या माणसाला भेटायला हवं होतं, असं.

अप्पाकाका : आणि नारायण वाचल्यावर?

मुक्ता : …याला मी भेटलेय, असं.

अप्पाकाका : तोच फरक. एका माणसाचं चित्र काढलं की वाचक त्याला शोधायला निघतो. पात्र झालं की त्याला ते आपल्याच घरात सापडतं.

मुक्ता : म्हणजे अनेक नारायण पाहून एक केला. पाहणं आलंच की! मी दोनशे चौदा पाहिले, आणखी पाचशे पाहीन.

अप्पाकाका : पाहा. फक्त पाहिल्यावर काय करायचं नाही, ते एकदा ऐकून ठेव. मी हे कुणाला सांगत नाही. तुझ्या काकूलाही मी होऊन सांगितलं नव्हतं.

मुक्ता : काय?

अप्पाकाका : मी एकदा पात्र झालो होतो. अंक सांगत नाही, साल सांगत नाही, लेखकाचं नाव तर नाहीच. ते छापखान्यात यायचे, माझ्या टेबलाशी बसायचे, माझ्या कपातला अर्धा चहा प्यायचे. मला वाटायचं, आपली गंमत वाटते यांना. पुढच्या वर्षी दिवाळी अंकाच्या गॅल्या आल्या, त्यात त्यांची कथा. तिसऱ्या परिच्छेदात एक मुद्रितशोधक. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, कोपरावर शाई, हॉटेलात शिरला की आधी पाटीवरचं ‘थालिपिठ’ सुधारायला सांगणारा.

मुक्ता : तुम्हीच!

अप्पाकाका : मीच. हसूही आलं वाचताना, चांगलं लिहिलं होतं. मग हे वाक्य आलं : ‘घरी मूलबाळ नव्हते म्हणुन तो जगाच्या चुका शोधत फिरे.’ ‘म्हणुन’, णु ऱ्हस्व.

मुक्ता : अरे देवा.

अप्पाकाका : मी पेन उचललं, ‘णु’वर काट मारली, समासात ‘णू’ केला आणि पुढची ओळ घेतली.

मुक्ता : एवढंच? बोलला नाहीत त्यांना काही?

अप्पाकाका : मुद्रितशोधकानं मजकुराला हात लावायचा नसतो. फार तर समासात प्रश्नचिन्ह. तेही मी केलं नाही. अंक घरी आला. तुझ्या काकूनं वाचला, मिटला आणि फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला. ती कधी त्याबद्दल बोलली नाही.

मुक्ता : भयंकर आहे हे. चष्म्याची काडी काय, थालीपीठ काय, जसंच्या तसं उचललं…

अप्पाकाका : त्याचा राग नाही गं. काडी खरी होती, थालीपीठ खरं होतं. मूलबाळ नव्हतं हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधला तो ‘म्हणून’ तेवढा त्यांचा होता. तो कुठे पाहिला होता त्यांनी? आमच्या घरी आले होते का कधी? दोन खुंट्या दिसल्या आणि मध्ये दोरी बांधून मोकळे झाले. वर्षानुवर्षं मला वाटत राहिलं की मी त्या शब्दाचा उकार दुरुस्त केला. खरं तर तो शब्दच काढायला हवा होता.

मुक्ता : म्हणजे पाहिलं ही चूक नव्हे. पाहणं लवकर थांबवलं ही चूक.

अप्पाकाका : किंवा कल्पना करणं लवकर थांबवलं.

मुक्ता : तुम्ही शेवटपर्यंत तुमचंच खरं करणार! बरं, मग खरं कारण काय होतं? का सुधारत फिरायचात पाट्या?

अप्पाकाका : मला ठाऊक नाही.

मुक्ता : म्हणजे?

अप्पाकाका : म्हणजे मला तीन-चार कारणं सुचतात आणि प्रत्येकात मी थोडाथोडा बसतो. एक मात्र पक्कं आठवतं. त्या हॉटेलवाल्यानं मला दोनदा हाकललं होतं. दुसऱ्यांदा तर चार लोकांसमोर. तरीही मी तिसऱ्यांदा गेलो. घरून खडू घेऊन गेलो. त्या लेखकाला लिहायचंच होतं तर हे लिहायचं होतं. ‘म्हणून’नं माणसाचा निकाल लागतो. ‘तरीही’ आला की माणूस कळेनासा होतो आणि मग वाचक जरा पुढे सरकून बसतो.

मुक्ता : हे पटलं. म्हणजे पटतंय. पण ‘तरीही’सुद्धा फसवा असतो काका. ‘एकच प्याला’तली सिंधू घ्या. नवरा दारूत बुडाला, घर गेलं, तरीही ती पतीच्या पायाशी. मला त्या ‘तरीही’ची चीड येते. तो तिचा नाहीच, आजूबाजूच्यांनी तिच्या पदरात टाकलेला आहे.

अप्पाकाका : चीड येते ना? गडकरी गेले १९१९ च्या जानेवारीत आणि त्यांच्या पाठीमागे ते नाटक रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं उलटून गेली, तू बँकेतली बाई, आणि सिंधूशी अजून भांडतेस. भांडायला समोर कुणीतरी उभं लागतं. आणि त्याच नाटकातला तळीराम बघ. त्याचं तर सामान्यनाम झालं. एकतीस डिसेंबरला पोलिसांनी गाड्या अडवल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘तळीरामांवर कारवाई’. ज्यानं नाटक पाहिलेलं नाही, त्यालाही तो शब्द येतो. गडकऱ्यांनी कुणाला पाहून तळीराम लिहिला असेल, विचारतंय का कुणी?

मुक्ता : आता माझी कथा वाचते. अर्धीच आहे. हसायचं नाही.

अप्पाकाका : पेन खिशात ठेवतो.

मुक्ता : आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यावर आहे. भुवयांवर कायम पीठ. त्याला गिऱ्हाइकांची नावं ठाऊक नाहीत, डबे ठाऊक आहेत. ‘चेपका डबा’, ‘हँडलवाला’, ‘निळं झाकण’. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे उपास वाढलेत, कुणाच्या घरी साखरेचा त्रास सुरू होऊन गव्हाची ज्वारी झाली, सगळं त्याला दळणावरून कळतं. तर त्या गिरणीत फळीवर निळ्या झाकणाचा डबा चार महिने पडून आहे. हे मी रोज पाहते, डबा तिथेच असतो. कथेत तो डबा एका म्हातारीचा. ती येईनाशी झालीय. डब्यात बाजरीचं पीठ. तो डबा कुणाला हलवू देत नाही.

अप्पाकाका : बाजरीचं? ते पंधरा दिवसांत कडू होतं.

मुक्ता : तेच तर! गिरणीवाल्याला ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

अप्पाकाका : वा. ही जागा चांगली आहे. वाच पुढे.

मुक्ता : ‘त्याची आई लहानपणीच गेली होती, म्हणून त्या म्हातारीत त्याला…’ (थांबते.) राहू दे.

अप्पाकाका : मी काही बोललो का?

मुक्ता : पेन खिशात असूनही टोचलं. आला तोच शब्द! काढते. पण मग तिथे काय घालू?

अप्पाकाका : काही घालू नकोस. पीठ कडू होणार हे त्याला कळतं, तरीही झाकण उघडत नाही. एवढ्यावर उभा राहतो का बघ. आम्ही खिळे उचलताना पाहायचो, कुठला घट्ट बसलाय आणि कुठला हलतोय. तसं हलवून बघ त्याला. वय बदल, गाव बदल, धंदा बदल. जे बदलूनही उरेल, तिथून लिहायला लाग.

मुक्ता : बदलते. गिरणी नको. झेरॉक्सचं दुकान? लोकांचे दाखले, नकला, कोर्टाचे कागद त्याच्या हातातून जातात. सगळं दिसतं, बोलायचं नाही.

अप्पाकाका : चालेल. आणखी?

मुक्ता : इस्त्रीवाला. कुठल्या सदऱ्याचं बटण तुटलंय, कुठल्या घरातली साडी यायची बंद झाली. सगळं दिसतं, बोलायचं नाही. किंवा… काका.

अप्पाकाका : काय?

मुक्ता : मुद्रितशोधक. चार मोठमोठे लेखक कुठे अडखळतात ते त्याला दिसतं. बोलायचं नाही. समासात प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

अप्पाकाका : …

मुक्ता : मी गिरणीवाल्याला बघत होते आणि लिहीत होते तुम्हाला. लहानपणापासून पाहतेय, एकही नोंद केलेली नाही.

अप्पाकाका : म्हणजे विसरून आठवण्याचा माझा मुद्दा खरा ठरला.

मुक्ता : आणि पाहण्याचा माझा! पण आता पंचाईत झाली. तुम्हाला कळलंय. लिहू का नको?

अप्पाकाका : हे त्या लेखकानं विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो कोण जाणे. लिही. काडी नको, शाई नको, थालीपीठ नको, पीठच राहू दे. वाचणाऱ्याला मी सापडता कामा नये. मला सापडलो तर हरकत नाही.

मुक्ता : आणि नाव काय देऊ त्याला?

अप्पाकाका : घाई करू नकोस. आपल्याकडे आडनाव लावलं की जात, जिल्हा आणि जेवण, तिन्ही गोष्टी वाचक स्वतःच ठरवून टाकतो. नेमाड्यांनी ‘कोसला’त नायकाला आडनाव दिलं सांगवीकर. ते स्वतः सांगवीचे. पहिलीच कादंबरी, १९६३ ची. लोक विचारतात, पांडुरंग म्हणजे नेमाडेच का? घराच्या वाटेवर स्वतः पाटी लावून ठेवली आणि आत गेलं तर मालक भेटत नाही, भेटतो पांडुरंगच. तुझ्या गिरणीवाल्याला नाव लागेल तेव्हा तोच सांगेल. पण त्याआधी एक काम कर. त्या डब्याचं विचारलंस का कधी?

मुक्ता : नाही. आणि तुम्हीच म्हणता कल्पना करावी!

अप्पाकाका : मी म्हणतो. पण तू तर पाहणाऱ्यांच्या पक्षाची ना? चार महिने नुसती लांबून पाहतेस. ही अर्धवट प्रामाणिकता झाली. विचारून ये.

दुसरा रविवार

मुक्ता : विचारलं.

अप्पाकाका : म्हातारी?

मुक्ता : म्हातारी नाहीच. डबा एका जोडप्याचा. दोघं ठणठणीत आहेत. त्यांनी नवा स्टीलचा डबा घेतला आणि जुना यालाच देऊन टाकला. आत पीठसुद्धा नाही. चिल्लर! सुट्या पैशांसाठी ठेवलाय. झाकण उघडून दाखवलं मला, एक-दोन रुपयांची नाणी आणि एक बंद पडलेलं घड्याळ.

अप्पाकाका : (हसत) झालं. कथा गेली?

मुक्ता : दोन दिवस वाटलं, गेली. मग पुन्हा वाचली. काका, ती म्हातारी अजून येत नाहीये. कथेतला डबा तसाच बंद आहे. गिरणीत चिल्लर निघाली म्हणून तिथलं पीठ काही बदललं नाही. उलट मला मोकळं वाटलं. खऱ्या गिरणीवाल्याचं मी काही चोरलेलं नाही, आता त्याच्यासमोरून बिनधास्त जाता येतं.

अप्पाकाका : म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच. बाहेर पाहिलेला डबा निमित्त. आतला…

मुक्ता : थांबा. अजून संपलं नाही. मी निघाले तेव्हा तो एक दळण काढून ठेवत होता. नवाकोरा स्टीलचा डबा, लख्ख, स्टीलचंच झाकण. प्रत्येक डब्यावर तो खडूनं खूण करतो. यावर त्यानं काय लिहिलं असेल?

अप्पाकाका : आडनाव?

मुक्ता : ‘निळं झाकण.’

अप्पाकाका : …स्टीलच्या डब्यावर?

मुक्ता : स्टीलच्या डब्यावर. मी म्हटलं, अहो, हा तर निळा नाही. तर म्हणाला, डबा बदलला ताई, माणसं तीच आहेत.

अप्पाकाका : (बराच वेळ गप्प. मग पेन काढून टोपण उघडतात, पुन्हा लावतात.) मुक्ते, हे मला इथे खुर्चीत बसून शंभर वर्षांत सुचलं नसतं.

मुक्ता : मलाही नसतं सुचलं. आत गेले म्हणून दिसलं. बघा, हा ‘म्हणून’ चालेल ना?

अप्पाकाका : हा चालेल. टिपून ठेवलंस ना मोबाइलमध्ये?

मुक्ता : नाही. तुम्हीच म्हणालात, विसरून बघावं. आठवलं तर आपलं.

अप्पाकाका : शहाणीच आहेस. आत्ता लिहून ठेव. माझ्यादेखत. आणि ‘झाकण’आधीचा तो शब्द नीट लिही, ‘निळं’, अनुस्वारासकट.